नाक्यावरच्या बॅनरवरचा माझा वण

बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते. आय नवापूरच्या किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळवायची आणि पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची. अवकाळी पावसाची सर आली की वाळत आलेला माल कुजायचा आणि मग घरात नुसती पेज. अशाच एका सरीत बोंबील काढायला धावताना मी पडले, बांबू कपाळात घुसला. तो वण राहिला. जखमेत हळद आयनेच भरली होती.

पालघरच्या कॉलेजात मी तो केसांखाली झाकायची. तिथे फोटो म्हटला की सगळ्या मुली एकाच ॲपमधून काढायच्या आणि बहिणी-बहिणी दिसायच्या. मीही दिसायची.

बी.एस्सी. झाले तेव्हा काकांनी नाक्यावर अभिनंदनाचा बॅनर लावायचं ठरवलं. गावात कुणी काही झालं की बॅनर लागतो, आणि सगळ्या बॅनरांवर निळा कोट, हाताची घडी आणि दुधासारखा गोरा चेहरा. माझाही तसाच तयार होऊन बॅनरवाल्याकडून फोनवर आला. खोटं कशाला सांगू, मला आवडला. घरच्या ग्रुपवर टाळ्या पडल्या. मी किनाऱ्यावर जाऊन आयला दाखवला.

तिने पदराला हात पुसले, फोन लांब धरला. "कोनाची पोर गं ही?"

"आये, मी हाय."

"तू? मंग वण कुटं गेला?"

"मशीननं काढला."

"मी येवढी हळद भरली, माझ्यानं नाय गेला. मशीननं काढला व्हय!" ती हसली आणि पुन्हा बोंबील उलटायला लागली. पण फोनकडे तिने परत पाहिलं नाही. ज्या बॅनरवर माझी आय मला ओळखत नाही, तो नाक्यावर लावून करायचं काय?

हा बॅनर नको म्हटल्यावर काका भडकले. "सगल्यांचे असेच लागतात पोरी. तूच काय येगली? काली दिसशील, लोक हसतील."

"हसू द्या. काळी हायच मी."

भावाने बांबूंजवळ माझा फोटो काढला, केस मागे बांधून. तो घेऊन मी बोईसरला बॅनरवाल्याकडे गेले.

"मॅडम, मशीन खुद ही गोरा करता है. सब यही माँगते हैं."

"मला नको. जशी आहे तशी छापा."

"कोट तो रहने दो?"

"कोट कोणाचा आहे?"

तो हसला. "सबका."

"मग सगळ्यांनाच राहू दे."

बॅनर लागला. लोक हसलेही, एकाने विचारलं, फोटोला पैसे कमी पडले काय? त्याच संध्याकाळी आय रिकामी पाटी घेऊन बाजारातून आली, नाक्यावर थांबली आणि बॅनरकडे बोट करून बरोबरच्या बायांना म्हणाली, "वण दिसतो ना? ती माझी."

पुढच्या वर्षी गावातल्या एका मुलीने बॅनरसाठी चष्म्यासकट फोटो दिला. त्याआधी बॅनरवर कुणालाच चष्मा नसायचा. काका मात्र अजून म्हणतात, कोटात बरी दिसली असतीस.

आता मी तारापूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. केस मागे बांधते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आहे, आणि नाक्यावर लागला तो चेहरा माझाच होता.