रंगाखालचा हात

ती घटना आठवली की आजही दुपारचे तीन मला बरे वाटत नाहीत. जेवण झालेलं असतं, कूलर सुरू असतो, घरात सगळं ठीक असतं; पण घड्याळाचा काटा तीनकडे सरकला की मी उठून अंगणात एक चक्कर मारून येतो. बायकोला वाटतं, रिकामपणाने लागलेली सवय आहे. रिकामपणाशी तिचा काही संबंध नाही. ती एका मशीनने लावली आहे.

तेव्हा मी पूर्व नागपुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिना, अंगाची लाही करणारं ऊन. सरकारी दवाखान्यातून ठाणे अंमलदाराकडे खबर आली की नंदनवन भागातल्या एका पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईच्या उजव्या हाताची तीन बोटं पत्र्याची झाकणं ठोकणाऱ्या पॉवर प्रेसमध्ये सापडून तुटली. स्टेशन डायरीला नोंद केली आणि मी स्वतः गेलो. अशा अपघातांत मालक म्हणतो बाईने चूक केली, बाई म्हणते मशीन खराब होती, आणि कागद ज्याच्याकडे असेल तो सुटतो. इतक्या वर्षांत मी हेच पाहत आलो होतो.

बाई तिशीची होती. हाताला मोठं बँडेज, आवाज मात्र शांत.

"पायडल म्या एकदाच दाबलं होतं, साहेब. ठप्पा पडला, वर गेला. झाकण काढाले हात टाकला आन ते पुन्हा खाली आली. आपल्या मनानं."

"मशीन आपल्या मनाने कशी येईल, बाई?"

"मले काय माहीत जी. सकाळी ते गाईवानी राहते. दुपार झाली का पाहून राहते मानसाकडे. आमी सगळ्या बाया म्हणत होतो, हिच्यात काहीतरी आहे."

जबाब लिहिणाऱ्या राइटर हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. 'पाहून राहते' लिहायचं का, असं त्याला विचारायचं होतं. मी म्हटलं, लिही.

कारखान्याचा मालक मूळचा उमरेडचा, विणकर घराण्यातला. हातमाग बंद पडल्यावर त्याने डब्यांची झाकणं बनवायचं छोटं शेड टाकलं होतं. प्रेस जुनीच, तीन आठवड्यांपूर्वी घेतलेली. निळा रंग नवाकोरा, आणि दर्शनी अंगावर त्याने शेंदुराने काढलेलं स्वस्तिक. आपल्याकडे मशीन दारात आली की नारळ फुटतो आणि शेंदूर लागतो, तसंच. माणूस भेदरलेला होता. निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर दाखल होणार, हे त्याला कळत होतं. तो आत गेला असता तर शेड बंद पडलं असतं आणि बाईला औषधाचाही पैसा मिळाला नसता.

"साहेब, मलेच धरा," तो म्हणाला. "मशीन म्या आणली. बोटं तिची गेली."

विक्रेत्याचं नाव त्याने सांगितलं. जुन्या मशिनरीचं मोठं आवार होतं त्याचं, आमच्याच हद्दीत. मी त्याला नोटीस पाठवून बोलावलं. पांढरे कपडे, कपाळावर गंध, हातात फाईल. घाबरलेला माणूस खुर्चीच्या काठावर बसतो. हा पाठ टेकून बसला आणि त्याने न विचारता एक कागद पुढे सरकवला. बिल होतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं: माल जसा आहे तसा विकला आहे, स्थितीबाबत कोणतीही हमी नाही, नंतर निघणाऱ्या दोषास, नुकसानीस वा अपघातास विक्रेता जबाबदार राहणार नाही. खाली कारखानदाराची सही.

"जुना माल आहे, साहेब," तो म्हणाला. "जसा आहे तसा. तरी माणुसकी म्हणून सांगतो, मशीन परत नेतो, त्याचे पैसे वापस करतो. बाईच्या इलाजाचंही पाहतो. विषय संपवा."

इतका उदार व्यापारी मी तरी पाहिला नव्हता. त्याला ती मशीन परत हवी होती, हे माझ्या डोक्यात अडकून राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या फोनवर एक म्हातारा आवाज आला. नाव सांगितलं नाही. "त्या प्रेसचा रंग खरडून पाहा," एवढंच बोलला. पुन्हा फोन केला तर नंबर एका पानठेल्याचा निघाला, आणि ठेलेवाल्याला काही आठवत नव्हतं. तो माणूस मला पुढेही कधी सापडला नाही.

मी दोन पंच घेतले आणि आयटीआयमध्ये मशीनकाम शिकवणारे एक अनुभवी निदेशक बोलावले. आधी त्यांनी मशीन चालवून पाहायचं ठरवलं. खाली कोणाचा हात नको म्हणून लाकडाचे ठोकळे ठेवले, पायडल लांब बांबूने दाबायचं. अकराला सुरुवात केली. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. एकदा दाबलं की एकदा ठप्पा. शेडमध्ये भट्टीसारखं तापलं होतं आणि निदेशक वैतागले होते. बाया भिंतीला टेकून उभ्या होत्या.

तीनला पाच-सात मिनिटं असतील. निदेशकांनी बांबू दाबला, ठप्पा पडला, बांबू बाजूला घेतला. मग कोणीही हात न लावता प्रेस पुन्हा खाली आली. ठोकळ्याच्या चिरफळ्या उडाल्या. एका बाईने तोंडात पदर कोंबला. मी खाकीत होतो म्हणून जागेवर उभा राहिलो, नाहीतर माझे पाय केव्हाच दाराकडे वळले असते.

निदेशकांनी मशीन बंद करून क्लच उघडला. आतली चावी, म्हणजे प्रेसला वर अडवून धरणारी खीळ, झिजलेली; स्प्रिंग मेलेली. मशीन थंड असेपर्यंत चावी धरायची. चार तास तापली की सुटायची आणि प्रेस 'डबल मारायची', म्हणजे एका दाबाला दोन ठप्पे. विकत घेणारा आवारात दहा मिनिटं चालवून पाहणार, त्याला काही दिसायचं नाही. कारण समजलं तरी भीती गेली नाही. उलट वाढली.

मग रंग. निदेशकांनी खरडायची पट्टी लावली आणि स्वस्तिकाशेजारचा निळा थर साप कात टाकतो तसा अख्खा सुटून आला. खाली तेल-शेंदूर होता, म्हणून रंग धरलाच नव्हता. करड्या रंगावर शेंदुराचा एक हात उमटलेला होता, उजवा. पण त्याची पहिली दोन बोटं अर्धीच होती.

करडा थर काढला, खाली हिरव्या रंगावर शेंदरी पेंटने लिहिलेलं ७८६. हिरवा काढला, खाली 'शुभ लाभ' आणि आणखी एक स्वस्तिक. तीन घरांनी या मशीनचं स्वागत केलं होतं आणि प्रत्येक वेळी ती रंग लावून पुन्हा आवारात उभी राहिली होती.

विक्रेत्याला पुन्हा बोलावलं. या वेळी मी फाईल उघडलीच नाही. चहा मागवला आणि अडाण्यासारखं विचारलं, तुमच्या धंद्यात सौदा पक्का कधी धरतात? फसवणूक करणाऱ्या माणसाला स्वतःच्या इमानदारीबद्दल बोलायला फार आवडतं. तो खुलला.

"सोपं आहे, साहेब. बयाना घेतला, मशीनवर खडूनं गिऱ्हाइकाचं नाव लिहिलं, का झाला सौदा. मंग माझा सख्खा भाऊ दुप्पट देतो म्हणाला तरी ते मशीन त्याले देत नाही मी. चाळीस वर्षांची जबान आहे."

राइटरने शब्दन् शब्द उतरवला. विक्रेत्याने वाचून सही केली. मग मी कारखानदाराच्या मोबाइलमधला फोटो समोर ठेवला. आवारात उभी निळी प्रेस, तिच्यावर खडूने त्याचं नाव. बायकोला दाखवायला त्याने काढला होता. फोटोची तारीख सोमवारची, बिलाची बुधवारची. ते बिल टेम्पोवाल्याने मशीन उतरवल्यावर पुढे केलं होतं, माल मिळाल्याची सही कर म्हणून.

सरकारी वकील बाईंनी मला हे आधीच समजावलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "सौदा सोमवारी झाला. एकाने देतो म्हटलं, दुसऱ्याने घेतो म्हटलं, बयाना गेला, नाव लिहिलं. त्या वेळी या अटीचा उच्चारही नव्हता. लग्न लागल्यावर अटी सांगता येत नाहीत, साहेब. पण एवढ्याने गुन्हा होत नाही, दिवाणी दाव्यात फार तर भरपाई मिळेल. दोष माहीत असून लपवला हे सिद्ध करा. मग अट आधी दाखवली असती तरी ती त्याला वाचवत नाही."

मी विक्रेत्याला पंचनाम्यातले फोटो दाखवले. तो हसला. "दसऱ्याले सगळेच पूजा करतात, साहेब. एकाच मालकाकडची असंल दरवर्षीची."

"एकाच मालकाने एका दसऱ्याला स्वस्तिक काढलं आणि दुसऱ्या दसऱ्याला ७८६?"

त्याने पाठ खुर्चीपासून सोडली. पण लगेच सावरला. "जुनी मशीन दहा हातांतून फिरते. डबल मारते हे मले काहून माहीत असंल? कोणी सांगितलं मले?"

मी 'डबल' हा शब्द उच्चारलाच नव्हता. तरी शब्द निसटणं म्हणजे पुरावा नव्हे. त्याची बिलबुकं जप्त केली. तशाच मापाच्या प्रेसची तीन बिलं निघाली. त्यातलं एक काटोलचं होतं, संत्र्याच्या पेट्यांना लागणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या बनवणाऱ्या माणसाच्या नावाचं.

तो बाजाराजवळ एका अडत्याच्या गाळ्यात चिठ्ठ्या लिहीत बसला होता, डाव्या हाताने. उजवा हात त्याने टेबलाखाली ठेवला होता. मी फोटो पुढे केला. त्याने उजवा हात टेबलाखालून काढून फोटोशेजारी ठेवला.

"माझाच आहे," तो म्हणाला. "दवाखान्यातून आलो तं घरचे म्हणाले, मशीन कोपली आहे, तिले शेंदूर दे, हात दे. म्या दिला. आठ दिवसांनी दुपारी तिनं पुन्हा डबल मारलं. नशीब, खाली कोणी नव्हतं. मंग म्या वापस केली."

"विक्रेत्याला सांगितलं होतंस? डबल मारते म्हणून?"

"सांगितलं ना जी. त्यानं तेच बिलामागचं छापील दाखवलं. मंग म्या पोलिसात गेलो."

"कुठल्या ठाण्यात?"

त्याने खालच्या खणातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत आमच्या ठाण्याचं समजपत्र होतं. अर्जदारास कळविण्यात येते की सदर बाब दिवाणी स्वरूपाची असल्याने आपण सक्षम न्यायालयात दाद मागावी. खाली ठाण्याचा गोल शिक्का आणि माझी सही, सव्वा वर्षापूर्वीची.

मला काहीही आठवेना. ना तो माणूस, ना त्याचा हात. रोज संध्याकाळी राइटर अर्जांचा गठ्ठा आणायचा आणि मी चहा पिता पिता सह्या करायचो. शब्द छापलेलेच असायचे, फक्त नाव भरायचं.

परत येऊन दफ्तरातून तो अर्ज काढला. त्याच्या मागे विक्रेत्याचा तेव्हाचा जबाब होता, त्याच्याच सहीचा: 'प्रेस डबल मारते अशी अर्जदाराची तक्रार असून मी मशीन परत घेतली आहे. व्यवहार जसा आहे तसा या अटीवर होता.' त्याला माहीत होतं, आणि तो पुरावा माझ्याच कपाटात पडून होता. राइटर हळूच म्हणाला, "साहेब, काटोलवाल्याचा तोंडी जबाब पुरेल. जुन्या दफ्तराले वाळवी तं लागतेच." भला माणूस होता, माझ्या पेन्शनची काळजी करत होता. खोटं कशाला सांगू, ती रात्र मी विचारात काढली. त्या जबाबाशिवाय विक्रेता सुटला असता, सारा दोष कारखानदारावर आला असता, आणि त्या मशीनला पाचवा रंग लागला असता. सकाळी मी अर्ज, जबाब आणि समजपत्र, तिन्ही दोषारोपपत्राला जोडले.

कोर्टात बचावाच्या वकिलाने ते समजपत्र माझ्यासमोर धरलं.

"ही सही कोणाची?"

"माझी."

"अर्ज वाचून केली होती?"

"नाही."

विक्रेत्याला शिक्षा झाली, कारखानदार सुटला, आणि भरपाईतून बाईने घरीच लहानसं दुकान टाकलं. प्रेस कारखानदाराने ताब्यात घेतली आणि आमच्यासमोर गॅस कटरने तिचे तुकडे करवले. माझी खात्याने चौकशी केली, एक वेतनवाढ रोखली. ते योग्यच होतं.

साक्ष झाली त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात ती बाई माझ्याजवळ आली होती.

"म्हणजे तुमाले आधीच माहीत होतं का, साहेब?"

"माहीत नव्हतं," मी म्हटलं. "माझ्या टेबलावर होतं. मी वाचलं नाही."

ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मंग त्याचा कागद आन तुमचा कागद एकच झाला ना जी," ती म्हणाली आणि डाव्या हाताने पदर सावरत जिना उतरून गेली.

ज्याने मशीन विकली त्याने जबाबदारी झटकायला छापील ओळ ठेवली होती. माझ्या ठाण्यातही तशीच एक छापील ओळ होती आणि ती मी शेकडो लोकांच्या हातात दिली असेल. त्यातल्या किती जणांच्या मागे काय उभं होतं, मला माहीत नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एकही अर्ज न वाचता दफ्तरी दाखल केला नाही, एवढंच सांगू शकतो. तिच्या तीन बोटांना त्याचा काही उपयोग नाही.