गर्भपिंडासनात वधूपिता

लेकीच्या लग्नात बापाला पाटावर किती वेळ बसावं लागतं, हे लग्न ठरेपर्यंत कुणी सांगत नाही. मला ते साखरपुड्यात कळलं. उरणकडच्या गावात, व्याह्यांच्या अंगणात, सगळी मंडळी सतरंजीवर. व्याही मांडी ठोकून जे बसले ते पंगती उठल्या, मंडप रिकामा झाला, तरी जागचे हलले नाहीत. मी अर्ध्या तासात लाकूड झालो. मला उभं करायला दोन्ही बाजूंनी दोन माणसं लागली.

"व्याहीबुवा, हापिसात निस्ती खुर्चीच गरम केली वाटता!" व्याही बसल्या जागेवरून म्हणाले आणि अख्खं अंगण हसलं.

लेक तेवढी हसली नाही. परतताना गाडीत म्हणाली, "बाबा, कन्यादानाला तुम्हीच बसायचं हं." म्हणजे नात्यात माझ्या धाकट्या भावाचं नाव निघालं होतं. तो रोज सूर्यनमस्कार घालतो आणि तसं सांगतोही.

दुसऱ्याच दिवशी मी करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमधल्या अष्टांग योगाच्या वर्गात नाव घातलं. शिकवणारे सर माझ्या लेकीपेक्षा लहान, अंगाने काडी आणि आवाजाने रिटायर्ड न्यायाधीश. पहिल्या दिवशी त्यांनी आठ अंगं सांगितली. आधी यम आणि नियम, मग तिसरं आसन, पुढे प्राणायामापासून समाधीपर्यंत. "आसन तिसरं आहे, पहिली दोन वगळायची नाहीत," ते म्हणाले. मी मनात म्हटलं, अहिंसा, सत्य, अस्तेय हे माझं नोकरीत झालंय. थेट मांडीचं बोला.

त्यांच्या वर्गाचा एक कायदा होता. आसनांची माळ ठरलेली. सर देतील तेवढंच करायचं; एक आसन जमलं की पुढचं मिळणार. जिथे अडाल तिथे ते शेजारी येऊन हळूच म्हणत, "इथेच थांबा, काका." मी एका पिळाच्या आसनात अडलो तो अडलोच. एक पाय मांडीवर दुमडायचा, दुसरा गुडघा उभा धरायचा, कंबर पिळायची आणि पाठीमागे एका हाताने दुसरा हात पकडायचा. माझ्या दोन हातांची पाठीमागे कधी ओळखच झाली नाही. शेजारच्या विंगमधल्या वहिनी माझ्यानंतर आल्या आणि माझ्यापुढे निघून गेल्या. मी आपला तिथेच, इस्त्रीला टाकून विसरलेल्या शर्टासारखा.

"सर, लग्न जवळ आलंय," मी एकदा काकुळतीला आलो.

"मग घरी रोज साधी मांडी घालून बसा. श्वास सोडत राहा. बस्स."

साधी मांडी! एवढ्यासाठी का मी फी भरली होती?

लग्नाला आठवडा उरला असताना बायको ब्लाउज आणायला पनवेलच्या बाजारात गेली, लेक ऑफिसला. वाऱ्यासाठी आतलं दार उघडं टाकून मी बाहेरचं जाळीचं दार ओढून घेतलं, ते लॅचने बंद झालं. हॉलमध्ये चटई पसरली आणि न मिळालेलं आसन चोरून करायला बसलो. गर्भपिंडासन. पद्मासन घालायचं, मांडी आणि पोटरीच्या बेचक्यातून दोन्ही हात कोपरापर्यंत बाहेर काढायचे, तळवे गालांना लावायचे आणि पोटातल्या बाळासारखं गोल होऊन पाठीवर डोलायचं. हे जमलं तर पाट म्हणजे काय, असा माझा हिशेब. ओढूनताणून पद्मासन लागत होतं. वर्गात लोक हातावर पाणी मारतात. मी जास्त हुशार म्हणून खोबरेल चोपडलं.

हात गेले. सर्रकन, कोपरांसकट. आनंदाने मी एक डोलही घेतला आणि कलंडून टीपॉयच्या पायाशी जाऊन टेकलो. आता परत यायचं, तर तेल सगळं पोटऱ्यांनी पिऊन टाकलेलं. कोपर मागे येईना, पाय सुटेना. गुडघ्यात कळ उठली तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली, की हा गेला तर पाटावर धाकटाच बसणार. मोबाइल सोफ्यावर होता. माझे दोन्ही पंजे माझ्या हनुवटीखाली निरुपयोगी फडफडत होते.

तेवढ्यात बेल वाजली.

"हाव का घरात?" जाळीपलीकडे व्याही, आणि त्यांच्यामागे करंजा बंदरावरच्या सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन विहीणबाई. मी हाफपँटवर, तेलाने चमकत, जमिनीवर आडवा.

"अगो बाय! यांना काय झाला?" विहीणबाई.

"योगा," मी म्हणालो.

"दार उघडा ना."

"हात अडकलेत."

"कशात?"

"पायात."

मग व्याह्यांनी विहीणबाईंना माझ्या बायकोला फोन लावायला सांगितलं आणि स्वतः, मला मान वर करावी लागू नये म्हणून, बाहेरच्या लादीवर बसले. मांडी घालून. मला ते जखमेवर मीठ वाटलं.

"पन कशाला करता ह्यो उपद्व्याप?"

"पाटावर बसायला. तुमच्यासारखं."

व्याह्यांनी जाळीतून माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःचा गुडघा चोळला.

बायको धापा टाकत आली, किल्ली काढली. जाळीचं दार बाहेर उघडतं आणि व्याही दारातच. "जरा सरकता का?" ती म्हणाली. व्याही सरकले नाहीत. त्यांनी भिंत धरली, जाळी धरली, "आई गं" म्हणाले आणि पुन्हा बसले.

"बसलाच कशाला?" विहीणबाई कडाडल्या. "साखरपुड्याला पन असाच. लोक गेले तरी ह्यो बसून. उठताच येत नवता! रातचा दोन भावांनी उचलून खाटेव ठेवला."

मी हसलो. असा हसलो की पोट हललं, सगळा श्वास निघून गेला आणि बायकोने त्याच क्षणी ओढलेला उजवा हात कोपरासकट सुटला. डाव्यासाठी तिने बाटलीभर तेल ओतलं. व्याह्यांना उठवायला तिघं लागलो. त्यात मी लंगडा.

कन्यादानाला मीच बसलो. व्याह्यांनी मांडवात दोन स्टुलं मागवली, एक माझ्यासाठी, एक स्वतःसाठी, आणि कुरकुरणाऱ्या भटजींना म्हणाले, "आमच्यात अशीच पद्धत हाय." लेकीचा हात माझ्या हातात आला, तेव्हा गुडघा ठणकत होता, पण बूड जागेवर होतं. मध्येच धाकटा भाऊ पाटाकडे पाहताना दिसला आणि मला जोर चढला. स्टूल मागे सारून मी खाली उतरायला लागलो.

खांद्यावर हात पडला. मागे सर उभे होते.

"इथेच थांबा, काका."