कोंडीरामच्या साच्यातली बाई

नायगावच्या बीडीडी चाळीत तेव्हा दोनच विषय चघळले जात. संयुक्त महाराष्ट्र कधी होणार, आणि कोंडीराम जाईबाईच्या खानावळीत ताटावर इतका वेळ का रेंगाळतो. पहिल्याचं उत्तर दिल्लीकडे होतं. दुसऱ्याचं अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. एकट्या जाईबाईला नव्हतं, निदान ती तसं दाखवत तरी होती.

कोंडीराम परळला गंगाधरशेटच्या वखारीत साचे करायचा. बंगल्यांच्या बागेत मिरवणारे सिमेंटचे बगळे, बेडूक, सिंह सगळे त्याच्याच साच्यांतून निघत. चाळिशी उलटलेली, मागेपुढे कोणी नाही. खोलीत बोलायला भिंतीवरची बुद्धाची तसबीर, आणि तीही बिचारी डोळे मिटून. गिरणीतल्या अपघातात नवरा गेल्यापासून खानावळ चालवणारी जाईबाई मात्र रोज म्हणायची, "कारागीर, भात घ्या अजून." तेवढ्या बोलण्यावर गडी रात्र काढायचा.

दोघांनी पाट लावला असता तर कोणी अडवणार नव्हतं. पण विचारायला तोंड लागतं, आणि कोंडीरामला देवानं नुसते हात दिले होते. त्यानं मातीत घागरवाली बाई घडवली, चेहरा जाईबाईचा. एकच मूर्ती ओतायची, तिच्या दारात नेऊन ठेवायची, पुढचं ती समजेल, असा बेत. आता एकाच मूर्तीचा साचा ओतून झाल्यावर फोडायचा असतो. पण हाताची सवय वाईट. त्यानं नेहमीसारखा सुट्या तुकड्यांचा, दोरीनं बांधून हवं तितक्यांदा वापरता येईल असा साचा केला. आणि नेमका तापानं आडवा झाला. शेटला वखारीत साचा सापडला. कोंडीराम उठेपर्यंत जाईबाई दादरपासून वरळीपर्यंत बागाबागांतून उभी होती.

बातमी बाबुराव माळ्यानं आणली. झाडांना पाणी कमी आणि चाळीला बातम्या जास्त घालणारा इसम. भर पंगतीत म्हणाला, "जाईबाई, तुम्ही इकडं भात वाढताय आणि तिकडं आमच्या साहेबांच्या गुलाबांत घागर घेऊन उभ्या. कपाळावर हे एवढं कुंकू."

पंगत खदखदली. कोंडीरामनं हातातला घास ताटात ठेवला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी जाईबाई स्वतःच वखारीत आली. रांगेनं उभ्या असलेल्या स्वतःला बघत सावकाश फिरली. एकीच्या गालावर बोट टेकवलं.

"हात चांगला आहे तुमचा," ती म्हणाली. "चेहरा राहू द्या. कुंकू तेवढं काढा, भाऊ."

इतक्या वर्षांत ती त्याला भाऊ कधी म्हणाली नव्हती.

"काढतो," तो म्हणाला.

ती गेल्यावर त्यानं साच्याचा कपाळाचा तुकडा मांडीवर घेतला. कुंकवाच्या जागी आत खळगा होता. त्यात प्लास्टर भरलं, अंगठ्यानं सारखं केलं, वाळल्यावर तेल लावून नवी मूर्ती ओतली. सकाळी दोरी सोडली, एकेक तुकडा अलगद काढला. कपाळ कोरं निघालं.

सिमेंट तडकू नये म्हणून त्यानं ओलं गोणपाट तिच्या खांद्यांवर घातलं, आणि दिवसभर हातातलं काम सोडून येऊन त्यावर पाणी शिंपडत राहिला.