आमच्या दारात न चालणारा शब्द

केस पेपर कपाटात मावतात, किस्से मावत नाहीत. अमरावतीच्या आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात मी बारा वर्षं काउंटरवर आहे. नाव, गाव, व्यसन लिहून घ्यायचं आणि पेशंटला आत कुंदाताईंकडं पाठवायचं, हे माझं काम. कुंदाताई आमच्या समुपदेशक. गोळ्या डॉक्टर देतात, पण बरा झालेला माणूस गावात जाऊन सांगतो, "ताईनं सोडवली!" लग्नाकार्यात कुणी म्हटलं, "इंगोलेबाबू, सांगा नं एखादा," की मी सुरू होतो. एक सांगितला की त्याच्यामागं चार येतात.

आधी एक कबुली. यातलं बरंचसं घडत होतं तेव्हा व्यसनमुक्तीच्या या बाबूच्याच गालात खर्रा होता! सुपारी, तंबाखू आणि चुना, प्लास्टिकच्या कागदात घोटघोटून बारीक केलेला. तो गालात धरून मी लोकांना व्यसन विचारायचो.

*

सुरुवात माझ्या मूर्खपणापासून करतो.

प्रल्हादभाऊ म्हणजे शेंदूरजनाघाटचे संत्र्याचे व्यापारी. दारू सोडून चार महिने झाले आणि घसरले. सकाळी मान खाली घालून दारात उभे होते. मी भरल्या वेटिंग रूममध्ये म्हणालो, "काहून प्रल्हादभाऊ, परत?"

ते वळले आणि चालू पडले.

कुंदाताई आतून धावत आल्या. चप्पल घालायचंही भान नव्हतं. तशाच अनवाणी फाटकाबाहेर गेल्या आणि ऑटोत बसलेल्या प्रल्हादभाऊंना म्हणाल्या, "बरं झालं आले तुमी." हाताला धरून आत आणलं आणि स्वतःच्या चहातला अर्धा चहा दिला.

आता आपली खरडपट्टी, असं मला वाटलं. ताई एवढंच बोलल्या, "इंगोले, सोडलेल्या माणसाले सगळे दारात घेतात. घसरलेल्याले हे एकच दार हाय. 'परत' हा शब्द इथं चालत नाही."

मी मान डोलावली. बोलणार कसा, तोंडात रस साचला होता!

*

खर्रा सोडणाऱ्याला तंबाखूइतकीच घोटण्याची आठवण येते, हे ताईंनी ओळखलं. हात रिकामे राहिले की ते खिशाकडं जातात. म्हणून आमच्या वेटिंग रूममध्ये, माझ्या काउंटरजवळ, टोपली असते. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा, एरवी भुईमूग नाहीतर लसूण. नंबर येईपर्यंत सोलत बसा!

सोललेलं सगळं वॉर्डाच्या स्वयंपाकघरात जातं. तिथल्या शेवंताबाई सकाळी मलाच विचारतात, "आज पेशंट किती?" आणि त्यावर भाजी ठरवतात. एकदा इतकी गर्दी झाली की सलग तीन दिवस सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, भाजी. चौथ्या दिवशी शेवंताबाई ताईंसमोर उभ्या राहिल्या.

"ताई, आता दोन-चार जनाले लवकर बरं करा बापा! सोले ठेवायले गंज-भांडे नाही राह्यले माह्याजवळ!"

*

प्रल्हादभाऊंना ताईंनी शिकवलं होतं, की तलफ आली तर तिच्याशी भांडायचं नाही. घड्याळ बघून बसायचं, पाणी प्यायचं, साधारण वीस मिनिटांत ती उतरते.

एका दुपारी मार्केटमधून त्यांचा फोन आला. आवाज चढलेला. "ताई, तुमी खोटं सांगतलं! वीस मिनिटं झाले, गेली नाही. बावीस मिनिटं बसलो मी पेटीवर!"

"अन् मग?"

"मग गेली."

"मंग दोन मिनिटं जास्तीचे निभावले नं तुमी!"

मग प्रल्हादभाऊ मोठमोठ्यानं रडले. फोन स्पीकरवर होता आणि मी केस पेपर घेऊन समोर उभा होतो. माझेही डोळे भरले, सांगायला लाज कसली!

*

दर गुरुवारी ताई अकोल्याला पेशंट बघायला जातात, मी कागद सांभाळायला सोबत. तिथं वानखडे बाई होत्या, निवृत्त शिक्षिका. त्यांना कुलपाचं वेड. घराचं कुलूप बारा-बारा वेळा ओढून बघायच्या. कोपऱ्यावरून परत यायच्या. बस चुकायची, लग्नं चुकायची, घरचे हसायचे. ताई कधीच हसल्या नाहीत. बारावरून आठ, आठवरून चार, असं महिनोन् महिने चाललं.

एका गुरुवारी बाईंच्या घरी ठरलं, कुलूप लावून एकदाच ओढायचं आणि पायरीवर बसायचं. बाईंना घाम फुटला. ताईंनी 'काही होत नाही' म्हटलं नाही. म्हणाल्या, "जीव घाबरते नं? घाबरू द्या. मी हाय."

अर्धा तास आम्ही तिघं पायरीवर. हळूहळू बाई कुलपाकडं वळून बघायच्या थांबल्या. उठलो, कोपऱ्यापर्यंत आलो आणि ताई थबकल्या. "बाई, माही पर्स घरातच राह्यली!"

बाई छडीसारख्या ताठ झाल्या. "राहू द्या. मी वापस जाऊन कुलपाले हात लावत नसते. तुमीच सांगतलं!"

पर्स पुढच्या गुरुवारी मिळाली. अमरावतीपर्यंत ताई एकट्याच हसत होत्या. "इंगोले, पर्स गेली, पन बाई जिंकली!"

*

आता माझं. मुलीनं हौसेनं गुपचूप खायला नेलं. पुण्याकडं त्याला पाणीपुरी म्हणतात. ती म्हणाली, "बाबा, तोंड उघडा नं!" ते तेवढं उघडतच नव्हतं! दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, तोंडात तीन बोटं उभी गेली पाहिजेत. माझी दोन जात होती. खर्रा सुटला नाही तर दुसरंही जाणार नाही, आणि पुढं कॅन्सरचीही भीती आहे. मुलगी बाहेर येऊन रडली.

मी ताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मले माहीत होतं."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"टोपली तुमच्या काउंटरजवळ कायले ठेवली होती, इंगोले?"

मी सोडला. काउंटरमागं बसून शेंगा सोलल्या, तोंडाचे व्यायाम केले. पाच महिने निघाले. मग चुलतभावाच्या तेरवीला कुणीतरी पुडी पुढं केली, आणि मी घेतली.

चार दिवस कामावर गेलो नाही. फोन बंद ठेवला. बारा वर्षं लोकांना हे दार दाखवलं आणि माझ्याच्यानं ते ओलांडवेना. पाचव्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, फाटकापर्यंत तर जा." गेलो. रस्त्याच्या पलीकडं उभा राहिलो.

खिडकीतून माझी खुर्ची दिसत होती. तिच्यावर प्रल्हादभाऊ! माणूस नाही म्हटल्यावर नावं लिहायला बसले होते. वेटिंग रूम भरलेली, आणि तो एक शब्द म्हणायचा त्यांना पुरेपूर हक्क होता.

त्यांनी मला पाहिलं. उठले. फाटकातून रस्ता ओलांडून आले. पायात चप्पल नव्हती, हातात अर्धा कप चहा होता.

"बरं झालं आले तुमी," प्रल्हादभाऊ म्हणाले. "चला लवकर, शेंगा लय पडल्या हायत."