बगताय ना, टेलर?

चहाचा कप उचलायचा असला तरी आमचे कोच आधी विचारायचे, "बगताय ना, टेलर?"

पुण्यात गोल्फच्या मैदानावर त्यांनी आधी साहेबलोकांच्या काठ्यांची पिशवी वाहिली, मग चाळीस वर्षं साहेबांनाच काठी धरायला शिकवलं. म्हातारपणी आष्टीला परतले आणि गावाबाहेरच्या माळावर एक भोक पाडून मोकळे झाले. त्यात लहानसा डबा पुरला, डब्यात शेळीच्या गळ्यातली घंटी बसवली. मोतीबिंदूमुळे त्यांना लांबचं दिसत नव्हतं, म्हणून ही सोय; चेंडू पडला की ती वाजायची. भोकापाशी रोवायचा झेंडा मी शिवला, उरलेल्या परकराच्या कापडाचा, फुलाफुलांचा.

त्यांचे हात कधी स्वस्थ नसत. सायकलच्या रिमा आणि तारा जोडून त्यांनी चेंडू वेचायचं यंत्र बनवलं. बायकांनी ते बाभळीच्या शेंगा गोळा करायला नेलं, ते परत आलंच नाही. कोच आठवडाभर रुसले. मग स्वतःच जाऊन तारा आवळून आले. "शेंगा सांडत होत्या," म्हणाले.

एकच इच्छा राहून गेली होती. लांबून, पहिल्याच फटक्यात, चेंडू भोकात. त्यांच्या शिष्यांना ते जमलं होतं, त्यांना कधीच नाही. "आन् कुणीतरी बगाया पायजे. न्हाईतर धरत न्हाईत." म्हणून रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी माळावर साक्षीदार.

एके सकाळी माझ्या पायजम्यात कुसळ घुसलं. मी वाकलो. मागून फट्ट! आणि लांबून घंटी, खणण्!

"बगितलं ना?" कोचचा आवाज चिरकला.

आता तुम्हीच सांगा, काय म्हणणार?

"बगितलं की!"

"कसा गेला?"

मी शिंपी. ठिगळ लावणं हा माझा धंदा. "झेंड्याच्या अलीकडं टप्पा खाल्ला, घरंगळत काठावर आला, जरा थबकला, आन् आत!"

कोच माळावर नाचले. शेळ्या बुजून पळाल्या. दुपारपर्यंत आख्ख्या बाजारात पेढे.

पुढं हॉटेलात रोज ही गोष्ट मलाच सांगावी लागे. चेंडूला वाट द्यायला एका शेळीनं पाय उचलला, इथवर मी पोचलो होतो. कोच डोळे मिटून ऐकायचे.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात मला राहवेना. खोटं फार छातीवर बसलं होतं. "कोच, त्या दिवशी..."

"तुमी कुसळ काढत होता," ते म्हणाले. "मला लांबचं दिसत न्हाई, जवळचं दिसतंय. पर तुमी लई झ्याक बगितलं. सांगा पुन्हा. शेळीपासनं."

मी सांगितलं. रडत सांगितलं, तरी शेळीपाशी दोघंही हसलो.

कोच गेले. झेंडा उन्हानं विटला होता, परवा नवा शिवून लावला. माळावर घंटी वाजली की अजून माझी मान चटकन वर होते. शेळीच असते.