सासूबाईंसमोर अडवलेला वारा

समोर काहीही येवो, डॉक्टर त्याच्या पोटावर डावा पंजा ठेवत, उजव्या बोटाने टकटक करत आणि डोळे मिटून म्हणत, "वारा अडलाय." कलिंगड असो, कुलर असो, नाहीतर गणपतीच्या आरतीला आलेले आमच्या बँकेचे मोठे साहेब असोत.

माणूस मूळचा सांगलीचा, जयपुरात मालवीय नगरात आमच्या खालच्या मजल्यावर. पोटाचे डॉक्टर. त्यांचं औषध घेऊन पेशंटने दिलेली ढेकर आमेरच्या किल्ल्यापर्यंत जाई आणि तिथले हत्ती बुजत. खोटं वाटत असेल तर हत्तींना विचारा.

डॉक्टरांचा जीव मात्र एका लाल टर्बो गाडीत. शर्यतीला शोभेल अशी, आणि फरशीवर तेल गाळणारी. वहिनींनी अखेर निक्षून सांगितलं, की आई येतेय, तिला खातीपुरा स्टेशनवरून याच गाडीतून आणायचं. तिच्या लुगड्यावर तेलाचा एक डाग दिसला, तर गाडी झोटवाड्याच्या भंगारात.

डॉक्टरांनी बॉनेट उघडून टकटक केली. "मॅनेजरसाहेब, टर्बो इंजिनात हवा कोंबतो. त्यातली थोडी पिस्टनच्या कडेने निसटून खाली क्रँककेसमध्ये शिरते, तेलाच्या पोटात. तिला वाट मिळाली नाही की ती तेलालाच बाहेर ढकलते. मतलब, वारा अडलाय."

मग त्यांनी इंजिनातून एक जाड नळी काढून वहिनींच्या तुपाच्या डब्यात सोडली, डबा इंजिनाशेजारी बांधला आणि त्याच्या झाकणाला भोक पाडलं. तेल डब्यात राही, वारा भोकातून निघून जाई. गळती थांबली. दर्प मात्र असा सुटला, की आमच्या गच्चीवरची कबुतरं जोहरी बाजारात राहायला गेली.

स्टेशनवर मीही होतो. सासूबाईंचं नाक म्हणजे चार गल्ल्यांपलीकडे कुणाची फोडणी करपली, ते घरबसल्या सांगणारं. त्या फलाटावर दिसताच डॉक्टरांचा धीर सुटला. खिशातून औषधाच्या बाटलीचं रबरी बूच काढून त्यांनी डब्याच्या भोकात गच्च बसवलं. मी म्हटलं, डॉक्टर, जन्मभर लोकांना काय सांगता तुम्ही?

"ते पेशंटना. या सासूबाई आहेत."

परतताना पुलाच्या चढावर एका जीपवाल्याने हॉर्न मारत आम्हाला मागे टाकलं. डॉक्टरांचा पाय त्यांच्या ऐकण्यातला राहिला नाही. टर्बोने शिट्टी घातली, गाडी उडाली, आणि तेल पाहायची पट्टी आतून सुटून बॉनेटवर अशी आदळली, की हवामहालाच्या साऱ्या खिडक्या उघडल्या म्हणतात. तापल्या इंजिनावर तेल उडालं. धुरात जयपूर गुलाबीचं पांढरं झालं.

डॉक्टर बॉनेट उघडून खाली मान घालून उभे राहिले. इंजिन अजून धडधडत होतं. सासूबाई उतरल्या, वाकल्या आणि विचारलं, की हे बूच कुणी लावलं?

"मीच. तुम्हाला वास यायला नको म्हणून."

त्यांनी ते उपटलं. डब्यातलं तेल कारंज्यासारखं उसळून थेट लुगड्यावर. डॉक्टर पांढरे पडले. सासूबाईंनी पदराने शांतपणे हनुवटी पुसली.

"जावईबापू, आमच्यापुढे कशाला अडवायचं? घरचीच ना आपण?"

लग्नापासून या बाईंसमोर ताठ बसून जेवलेला तो माणूस पुलावरच नाक ओढू लागला. मी त्याचं खापर धुरावर फोडलं.

घरी वहिनी दारातच होत्या. लुगड्यावर डाग रजईएवढा. डॉक्टरांनी किल्ली पुढे केली.

"काय गं बघतेस," सासूबाई म्हणाल्या, "रेल्वेतली भजी. फार तेलकट दिली मेल्यांनी."

वहिनींनी आईकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, माझ्या तेलाने काळ्या झालेल्या नाकाकडे पाहिलं. मग किल्ली घेऊन खुंटीला अडकवली.

गेल्या वर्षी मंडळी कायमची सांगलीला गेली. वहिनी रेल्वेने. लाल गाडीत डॉक्टर आणि शेजारी, नाकाला पदर लावून, सासूबाई. टोंक रोडच्या वळणापर्यंत धूर दिसत होता.

आता गाडीची ती जागा रिकामी आहे. फरशी स्वच्छ, कबुतरंही परतलीत. बँकेत निघताना मी तिथे थांबतो, खोल श्वास घेतो. नुसती हवा येते.