उत्तरेच्या टोकाची सून

नर्मदाबाईला दिली ती पैनगंगेच्या अलीकडच्या काठावरच्या गावात. आपल्या बाजूनं निजामाचा मुलूख तिथं संपायचा. पल्याड वऱ्हाड, अन् तिथल्या पहिल्याच गावात तिचं माहेर.

नवरा तातेराव कळमनुरीला चार बुकं शिकलेला. गावाची भारी शेखी मिरवायचा.

"नॉर्वे देशात पार उत्तरंला हॅमरफेस्ट म्हणून शहर हाय. हिवाळ्यात दोन-दोन महिने सूर्य उगवत न्हाई! तसंच आपलं गाव. निजामाच्या मुलखाचं टोक."

"अवं, तिथल्या सुना माहेरी कशा जात असतीन?"

"बर्फावरून. घसरगाडीत बसून."

"म्हंजे, जातात तर!"

अठ्ठेचाळीसच्या वैशाखात तिचा सातवा सरत आला. रझाकारांच्या धास्तीनं निम्मं गाव नदीपल्याड गेलं, सुईणही गेली. पल्याडून बाप्या माणूस आला की नाक्यावरचे निजामाचे शिपाई धरून नेत. बायांना कुणी अडवत नव्हतं. नर्मदाला अडवलं ते रीतीनं. पहिलटकरणीला न्यायला मुराळी यावा लागतो; भावानं उंबऱ्याशी यावं, जेवावं, मग बहीण न्यावी.

"आत्याबाई, गावात सुईण न्हाई. मी जाते ना, माझी मी."

"नवऱ्यानं टाकल्यावानी?" सासू अनुसयाबाई कडाडली. "काहून, आमी हाकललं काय तुला?"

एक दिवस तिचा भाऊ संतराम पलीकडच्या काठावर येऊन उभा राहिला. नर्मदानं घागर वाळूत ठेवली अन् सरळ पाण्यात शिरली. पाणी गुडघ्याएवढं.

"दादा, हात दे!"

संतराम दोन पावलं पुढं आला अन् थबकला. "नर्मदे, अशी नको येऊ."

"अशी म्हंजे कशी?"

"मुराळ्याबिगर आली, सासरहून पळाली म्हणतीन लोक. धाकलीचं लगीन व्हायचं हाय, बाई. नाका उठू दे, मीच येतो दारात."

"तवर मी मेले तर?"

"असं अभद्र बोलू न्हाई."

मागं काठावर अनुसयाबाई धावत आलेली. पुढं भाऊ, मागं सासू, अन् दोघांचेही हात एकच सांगत होते: मागं फिर. ती फिरली.

आषाढात नदी दुथडी भरून वाहत असताना ती अडली. अनुसयाबाईनंच बाळंतपण केलं. लेक झाली. "वाचलीस गं माय," म्हणून सासू रडली. नर्मदा आढ्याकडं बघत पडून राहिली.

भादव्यात निजाम शरण गेला, नाके उठले. संतराम आला, कोऱ्या धोतरात, बराबर उंबऱ्याशी. नर्मदानं पाट मांडला, ताट वाढलं.

"चाल, माय वाट पाहून राहिली," तो म्हणाला.

"जेव आधी. भाकर वाढू?"

"अन् मंग निघू ना?"

"तू निघ."

"काहून? रीतीनं घ्यायला आलो ना!"

"मी आले होते, दादा. तूच परत लावलं."

"जा की, चार दिस," तातेराव पुटपुटला. ती हलली नाही.

पुढं माय आजारी पडल्याचा सांगावा आला, तेव्हा मात्र ती गेली. कुणाची वाट न बघता, कुणाला न विचारता, लेकीला कडेवर घेऊन, भर दुपारी, एकटी.